सॅल्युटरी म्हणजे हितकारक

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. एक, मी कशाला घाबरत नाही. दोन, माझं इंग्रजी उत्तम आहे. या दोन्ही बाबतींत आमच्या घरात मतभेद आहेत. पण घर म्हणजे मी आणि बायको, आणि बायको दातांच्या दवाखान्यात कामाला. दिवसभर आ वासून बसलेले, खुर्चीचे हात घट्ट धरलेले पुरुष बघून तिचं समस्त पुरुषजातीबद्दल जे मत झालंय, ते ती माझ्यावरही लादते.

मी गाद्यांच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. तिथे नवे मॅनेजर आले आणि आल्या आल्या त्यांनी एक टूम काढली. महिन्याला एक इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायचा आणि महिनाअखेरीला कुणीतरी सगळ्यांसमोर उभं राहून तो वाक्यांत वापरून दाखवायचा. टूम उगीच नव्हती. परदेशी गिऱ्हाइकं येणार होती, त्यांना माल दाखवायला इंग्रजी बोलणारा गोदामप्रमुख नेमायचा होता. त्या जागेवर माझा डोळा होता. पॅकिंगवाल्याचाही होता.

पहिला शब्द लागला, ‘सॅल्युटरी’. पॅकिंगवाला म्हणाला, हे सॅल्यूट ठोकण्याशी संबंधित दिसतंय, वॉचमनला विचारू. मी गालातल्या गालात हसलो आणि घरी येऊन शब्दकोश उघडला. हितकारक. एवढंच! जगात हितकारक वस्तूंना काय तोटा? दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन मी स्वतःहून माझं नाव दिलं.

सरावासाठी मी बाथरूम निवडलं. माणसाचा आवाज बाथरूममध्ये जेवढा भारदस्त लागतो तेवढा कुठेच लागत नाही. शिवाय आम्ही या इमारतीत नुकतेच राहायला आलो होतो, ओळखीपाळखी नव्हत्या, त्यामुळे भिंतीपलीकडून कुणी ऐकलं तरी लाज नव्हती.

त्या बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी होती आणि ती डक्टमध्ये उघडायची. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत गेलेली पोकळी. विहीर उभी करून तिच्यात पाण्याऐवजी पाइप भरावेत तशी. भरदिवसा तिथे संध्याकाळ असायची. वरून करडा उजेड झिरपायचा आणि खाली पोचेपर्यंत संपून जायचा. कुठेतरी सतत काहीतरी ठिबकत असायचं. मी पहिल्या दिवशी पट्ट्यांमधून खाली डोकावलो, तळ दिसला नाही, म्हणून परत डोकावलो नाही. घाबरून नाही. गरज नव्हती म्हणून.

तर सकाळी दाढीचा फेस लावून, आरशासमोर उभं राहून, मी माझं पहिलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं.

“आवर मॅट्रेस इज सॅल्युटरी.”

डक्टमधून आवाज आला, “नो.”

मी ब्रश हातात धरून तसाच उभा राहिलो. तो आवाज बाईचा होता की बाप्याचा, सांगता येत नव्हतं. ओलसर, जड, कुणीतरी तोंडात माती धरून बोलावं तसा. मी स्वतःला समजावलं की पाइपातून हवा सुटली असेल. खात्री करून घ्यायला तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू.

“नो,” पाइप म्हणाला. मग लांब श्वास घेतल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून एकेक शब्द, जिने चढून येत असल्यासारखा. “गादी... नव्हे.”

उरलेली दाढी मी त्या दिवशी कारखान्यात जाऊन केली.

बायकोला सांगितलं तेव्हा ती डबा भरत होती. पाइपांचे आवाज येतातच, ती म्हणाली. मी विचारलं, पाइपाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतं का? त्यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती भूल उतरायच्या आधी घरी जायची घाई करणाऱ्या पेशंटकडे बघत असेल. म्हणाली, जागेची सवय व्हायची आहे तुम्हाला.

शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सराव केला असता. मीही केला. पण मजा येईना. नुसतं वाक्य म्हणायचं आणि समोरून काहीच नाही, म्हणजे ते चूक की बरोबर ते कळणार कसं? गादी का नव्हे, हा प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरत होता. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा बाथरूममध्ये गेलो, दार आतून न लावता, एक पाय बाहेर ठेवून, आणि म्हटलं, “मिल्क इज सॅल्युटरी फॉर चिल्ड्रन.”

ठिबक. ठिबक. मग तो श्वास.

“दूध... गोड,” आवाज म्हणाला. “सॅल्युटरी... कडू.”

आणि थोड्या वेळानं, समाधानानं म्हटल्यासारखं, “थप्पड.”

मी पाय बाहेर घेतला. पण खरं सांगतो, त्या एका शब्दानं माझ्या डोक्यात उजेड पडला. शब्दकोशानं अर्धंच सांगितलं होतं. हित तर होतं, पण दुखून होतं, तेव्हा तो शब्द लागतो! पडणं सॅल्युटरी असतं, नापास होणं असतं, वेळेवर बसलेला धक्का असतो. भुतानं मला जे एका शब्दात शिकवलं ते मला शाळेतल्या कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून मी रोज जायला लागलो. सकाळी ठरावीक वेळी आंघोळीच्या आधी खिडकीशी उभं राहायचं, एक वाक्य म्हणायचं, अंगावर काटा आणून घ्यायचा, उत्तर घ्यायचं आणि बाहेर पळायचं. बहुतेक वेळा “नो” यायचं. क्वचित “बेटर” यायचं, आणि त्या दिवशी गोदामात मी छाती काढून फिरायचो. मात्र आवाज दिवसेंदिवस स्पष्ट होत चालला होता, आणि जवळ येत चालला होता असं मला वाटायचं. एका सकाळी मी काहीच बोललो नाही, नुसतं तोंड धूत होतो. तेव्हा पट्ट्यांच्या पलीकडून तो आपण होऊन म्हणाला, “आज?” पाण्याचा नळ बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. टाकी रिकामी झाली आणि वरच्या मजल्यावरचे भांडायला आले.

आता कडू वाक्यं करायची म्हणून मी जास्तीत जास्त कडू करायला लागलो. एके दिवशी पट्ट्यांशी तोंड नेऊन म्हटलं, “अ स्मॉल डेथ इज सॅल्युटरी टू अ बिग फॅमिली.” मला स्वतःलाच ते फार खोल वाटलं. पण डक्टमधून उत्तर आलं नाही. खाली कुठेतरी भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग कुणीतरी धावलं.

त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ होते आणि इमारतीत काहीतरी बिघडलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. त्यांच्याशेजारी आमच्या बरोबर खालच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहणारे चष्मेवाले उभे होते. त्यांचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं. त्यांची बायको, सगळ्यांची वहिनी, पायरीवर बसली होती.

वहिनी सांगत होती ते असं. तिच्या सासूबाईंना मागच्या वर्षी पक्षाघात झाला, तेव्हापासून त्यांची वाचा गेलेली. रोज सकाळी वहिनी त्यांना बाथरूममध्ये खुर्चीवर बसवते आणि गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात जाते. गेले कित्येक दिवस तेवढ्या वेळात तिला बाथरूममधून पुरुषाचा आवाज ऐकू येतो. इंग्रजी बोलणारा. कधी कधी दोन आवाज. धावत जावं तर तिथे कुणी नाही, सासूबाई गप्प खिडकीकडे बघत बसलेल्या. तिचे सासरे कोर्टात दुभाषी होते, जन्मभर इंग्रजी बोलले, आणि त्याच घरात वारले. आज तर त्या आवाजानं स्वच्छ ‘डेथ’ म्हटलं आणि ‘फॅमिली’ म्हटलं. वहिनीच्या हातून पाण्याचं पातेलं सुटलं.

माझ्या पाठीच्या कण्यातून कुणीतरी थंड दोरी ओढल्यासारखं झालं. ते वाक्य माझं होतं! म्हणजे सकाळी मी म्हटलं आणि लगेच भुतानं ते खालच्या घरी जाऊन ऐकवलं. घाबरलो असं म्हणणार नाही, पण जरा रागच आला. मेहनत माझी आणि नाव कोर्टातल्या दुभाष्याचं.

दुसरी कुठली शक्यता माझ्या मनात आली नाही का, असं तुम्ही विचाराल. बायकोनंही नंतर विचारलं. नाही आली.

चष्मेवाले मान खाली घालून म्हणाले की त्यांनी जागा सोडायचं ठरवलंय. वहिनीला आता तिथे दिवसाही राहवत नाही. दुसरी जागा मिळतेय ती लहान आहे, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला तिथे नेता येणार नाही. शहराबाहेर अशा आजारी माणसांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, तिथे विचारून ठेवलंय. एवढं बोलून ते चष्मा काढून पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

जिन्यात कुणी काही बोललं नाही. आणि ही अशी शांतता मला सहन होत नाही, काहीतरी बोलून जातो मी.

मी म्हणालो, “रविवारी डक्ट उघडा. मी आत जातो.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तो कटाक्ष मला ओळखीचा आहे. त्याचा अर्थ, हे माझे कुणी नव्हेत.

रविवारी सकाळी प्लंबर आला. तळमजल्यावर, मीटरांच्या खोलीमागे, डक्टचं बुटकं लोखंडी दार होतं. गंजलेल्या कडीवर त्यानं हातोडी मारली, दार कुरकुरत उघडलं आणि आतून एक थंड, शेवाळी वास बाहेर आला. प्लंबरनं आत बॅटरी मारून पाहिली आणि ती बॅटरी फार आदरानं माझ्या हातात दिली. तो स्वतः येणार नव्हता. पाइपाचं काम असेल तर येतो, म्हणाला, हे काम वेगळं आहे. सेक्रेटरी म्हणाले, ते बाहेरून देखरेख करतील. वहिनी सासूबाईंना नेहमीसारखं खुर्चीवर बसवून खाली आली होती, आणि चष्मेवाल्यांच्या दंडाला धरून उभी होती. बायको भाजी आणायला निघून गेली होती. तिला हे बघायचं नव्हतं.

मी वाकून आत शिरलो.

आत सरळ उभं राहता येत होतं, पण हात पसरता येत नव्हते. पायाखाली कबुतरांची पिसं, बाटल्यांची झाकणं आणि मऊ, ओलं असं काहीतरी होतं, त्याच्यावर मी बॅटरी मारली नाही. चारही बाजूंनी पाइप वर गेले होते. कुणाच्या तरी घरातलं पाणी माझ्या कानाजवळून घशातल्यासारखं गडगडत खाली उतरलं. वर बघितलं तर आकाशाचा रुमालाएवढा तुकडा आणि त्याच्या खाली एकावर एक लटकलेल्या काळ्या खिडक्या. प्रत्येक खिडकीत कुणीतरी असेल असं वाटत होतं, आणि कुणीच नसेल असंही.

बाहेरून सेक्रेटरींनी विचारलं, काही दिसतंय का. मी म्हणालो, काही नाही, नुसता दमटपणा आहे. आणि हे सिद्ध करायला मी मान वर करून जोरात विचारलं, “कोण आहे?”

माझाच आवाज वर गेला, सगळ्या खिडक्यांशी थांबला आणि विरला. ठिबक. ठिबक.

मग वरून तो श्वास आला.

“लेट,” आवाज म्हणाला. “यू आर... लेट.”

बाहेर वहिनी किंचाळली. पुढचं मला फक्त ऐकू आलं. चपला, धावणं, हातोडी पडणं, आणि कुणाचा तरी धक्का लागून लोखंडी दार धाडकन बंद झालं. कडी आपोआप बसली. माझ्या हातातली बॅटरी पडली, विझली आणि पिसांमध्ये कुठेतरी गेली.

मी दार ठोठावलं. सेक्रेटरींना हाक मारली, प्लंबरला मारली. देखरेख करायला कुणीही उरलं नव्हतं.

“सेन्टेन्स,” वरून हुकूम आला.

माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो म्हणतात. मला ते आठवलं नाही. अंगातला घाम आणि भिंतीवरचं पाणी यांत फरक उरला नव्हता. एवढंच कळत होतं की आज “नो” आलं तर ते फक्त वाक्याला नसेल. डोळे मिटून मी मनात होतं तेच बोललो.

“फिअर... हॅज अ सॅल्युटरी इफेक्ट... ऑन अ बोस्टफुल मॅन.”

बढाईखोराला भीती कडू औषधासारखी लागू पडते, असं मला म्हणायचं होतं. बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

“करेक्ट.”

आणि मग ते हसलं. खरखरीत, खोल, थांबत थांबत. मी डोळे उघडून वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या पट्ट्या तिरप्या झाल्या होत्या आणि त्यांच्या मधून पांढरे केस, एक डोळा आणि वाकडं झालेलं अर्धं तोंड माझ्याकडे बघत होतं.

मी ओरडलो असेन. मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तेवढ्यात त्या खिडकीमागून दुसरा एक आवाज आला, मोठ्या माणसाचा, रडण्याचा. भुतानं चष्मेवाल्यांना धरलं, असं मला वाटलं. खरं म्हणजे ते इतरांसारखे रस्त्यावर पळाले नव्हते. आई वर एकटी आहे म्हणून जिना चढून घरात धावले होते, आणि बाथरूमच्या दारात पोचले तेव्हा त्यांच्या आईनं ‘करेक्ट’ म्हटलेलं होतं.

“आई,” ते म्हणत होते. “आई, परत बोल. काहीही बोल.”

“पाणी,” भूत म्हणालं. “गार झालं.”

मग सगळी इमारत दुसऱ्या मजल्यावर लोटली. वहिनी रडली, सेक्रेटरींनी छोटंसं भाषण केलं, प्लंबरनं पाणी तापवून दिलं. या आनंदात डक्टमध्ये एक मनुष्य आहे हे कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. मी खाली उभा राहून सगळं ऐकत होतो, भाषणासकट. बायको भाजी घेऊन आली, वर गर्दी बघितली, आमचे हे कुठे आहेत म्हणून विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तिनं येऊन कडी काढली. मी पिसांनी भरलेला, दात वाजत असलेला असा बाहेर आलो. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आत पाहिलं आणि म्हणाली, जीभ शाबूत आहे, चला.

बाकीचं जुन्या बिऱ्हाडकरूंना माहीत होतं, आम्हालाच नव्हतं. सासरे दुभाषी होते हे खरं, पण सासूबाई स्वतः शाळेत इंग्रजीच्या बाई होत्या. इतकी वर्षं की अर्ध्या गावाचं व्याकरण त्यांच्या हाताखालून गेलेलं. चष्मेवाल्यांनी जागा सोडली नाही. संस्थेला नको म्हणून कळवलं.

कारखान्यातलंही सांगायला हवं. महिनाअखेरीला मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि धडा, धक्का, भीती अशी एकाहून एक अचूक वाक्यं म्हटली. मॅनेजर खूश होते. मग ते म्हणाले, आता एक आपल्या गादीवर होऊन जाऊ दे. मी म्हणालो, साहेब, गादी सॅल्युटरी नसते. गादीवरून पडणं असतं.

पॅकिंगवाल्यानं लगेच उठून सांगितलं की आपली गादी फार सॅल्युटरी आहे. गोदामप्रमुख आता तोच आहे.

हे सगळं सांगायला मी एका संध्याकाळी खालच्या घरी गेलो. बाई खिडकीशी आरामखुर्चीत बसल्या होत्या. गादीचं ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, बरोबर सांगितलंस, नोकरीचं काय एवढं. बोलणं अजून तुटक होतं, एका बाजूनं ओठ हलत नव्हता. मी विचारलं की मग घरच्यांशी का बोलला नाहीत इतके दिवस. त्यांनी बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घातली.

“शब्द वाकडे यायचे,” त्या म्हणाल्या. “मुलासमोर... लाज वाटायची. सुनेसमोर वाटायची.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुझ्यासमोर नाही वाटली. तुझं माझ्याहून वाकडं.”

मी हा सन्मान समजलो. बाहेर अंधारून येत होतं आणि खोलीत अजून कुणी दिवा लावला नव्हता. बाथरूमचं दार उघडं होतं आणि त्याच्या आत डक्टची ती खिडकी दिसत होती. ठिबकणं इथेही ऐकू येत होतं. सगळं उलगडलेलं असूनही माझी मान आपोआप तिकडे वळत होती.

बाईही तिकडेच बघत होत्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “पहिल्या सकाळी तुझा आवाज आला ना... मला वाटलं, हे आले.”

म्हणजे कोण ते मला विचारावं लागलं नाही. त्या अर्धवट अंधारात माझ्या हातावरचे केस उभे राहिले. एवढ्या सकाळी, एकटीच, अंगावर धड पदर नाही, हाक मारायला वाचा नाही, आणि खिडकीतून गेलेल्या नवऱ्याचा आवाज. मी हळूच विचारलं, “भीती नाही वाटली, बाई?”

“वाटली. फार वाटली. नंतर तू वाक्य पुरं केलंस.” त्यांनी सुस्कारा सोडला. “मग कळलं... हे नव्हेत.”

“कशावरून?”

“त्यांचं इंग्रजी चांगलं होतं,” बाई म्हणाल्या.

वर आलो तेव्हा बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, काही विशेष नाही, तब्येत झपाट्यानं सुधारतेय.